पाच किलो, तीस वेळा

वजनमापांच्या कचेरीत बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला स्वतःच्या घरासाठी वजन मागायला वाण्याच्या दारात उभं राहावं लागावं, हे महादेवराव झाड्यांना मुळीच शोभणारं नव्हतं. पण डॉक्टरनं तसं कागदावर लिहून दिलं होतं, आणि लिहून दिलेल्या गोष्टीपुढे महादेवरावांचं आजवर कधी काही चाललं नव्हतं.

भानगड होती त्यांच्या कोकिळेच्या गुडघ्याची. कोकिळा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि खो-खोत तिला हात लावू शकेल अशी पोरगी हिंगणघाट तालुक्यात अजून जन्माला यायची आहे, असं तिचे मास्तर म्हणत. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात खांबाला वळसा घेताना तिचा पाय जागीच रुतला, वरचं अंग फिरलं आणि वाळकी काटकी मोडावी तसा गुडघ्यातून आवाज आला. तो आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या महादेवरावांनाही ऐकू आला. पुढे कित्येक दिवस दाराची कडी वाजली तरी ते दचकत.

पहिला महिना सल्ल्यांत गेला. शेजारचे अण्णाजी निवृत्त तलाठी. तालुक्यातल्या एकूण एक जमिनीच्या हद्दी त्यांना पाठ होत्या आणि त्याच अधिकारानं ते माणसाच्या शरीराबद्दलही बोलत. ते म्हणाले, "शिरेवर शिर चढली. वडनेरले एक मानूस हाय, एका झटक्यात उतरवते." वडनेरच्या माणसानं झटका दिला. तो कोकिळेच्या किंकाळीसकट सगळ्या आळीला समजला, पण शिरेला समजला नाही. मग मोहाच्या तेलाची मालीश झाली, हळद-तुरटीचा लेप झाला, नजर उतरवून झाली. सूज उतरली. पोरगी चालायला लागली. सगळ्यांनी आपापल्या उपायाला यश आल्याचं जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात पायरी उतरताना गुडघा आतून निसटला आणि कोकिळा अंगणात पडली.

मग नागपूर. तिथल्या डॉक्टरनं गुडघा पुढेमागे हलवून पाहिला आणि सांगितलं, की सांध्याच्या आतली, दोन हाडांना धरून ठेवणारी दोरी तुटली आहे. ती आपोआप जुळत नाही. वाटीखालच्या चिवट पट्ट्यातला एक भाग काढून, हाडाला भोकं पाडून आतून ओवायचा आणि नवी दोरी तयार करायची. महादेवरावांनी घरी येऊन हे सगळं यथासांग सांगितलं. अण्णाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "म्हंजे बैल जुवाले बांधाची वादी तुटली. बांधा मंग नवी वादी. त्यात काय एवढं?" डॉक्टरनं चित्र काढून समजावलं होतं ते महादेवरावांना खरं म्हणजे आत्ता कळलं.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. सहा आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून निघालेला पाय पाहून कोकिळेची आई, आनंदाबाई, पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. मांडी अशी सुकली होती की ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटावी. डॉक्टर म्हणाला, "वादी मी बांधली. बैल तुम्हाला उभा करायचाय." (अण्णाजींचं भाष्य महादेवरावांनी त्याच्या कानावर घातलं होतं आणि त्याला ते फारच आवडलं होतं.) मग त्यानं कागद लिहून दिला. उंच जागी बसून पाय खाली सोडायचा, पावलाला वजन बांधायचं आणि पाय सरळ होईपर्यंत उचलायचा. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. आधी एक किलो, मग दोन, मग तीन, शेवटी पाच. पाच किलो तीस वेळा, न थरथरता उचललं की धावायची परवानगी. त्याच्या आधी धावली तर नवी दोरीही जाईल.

वजन कुठून आणायचं? कचेरीतली वजनं सरकारी. ती घरी नेणं म्हणजे सरकारच्या पायाला पोरीचा पाय बांधणं, असं काहीतरी महादेवराव बायकोला म्हणाले. म्हणून ते प्रेमदासच्या दुकानी गेले. प्रेमदास धान्याचा व्यापारी, भिंतीला भिंत लागून शेजारी. तो तूर खरेदीला गावोगाव फिरत होता. गादीवर त्याची बायको कौशल्याबाई होती. वजनमापांचे साहेब दारात आणि तेही वजन मागायला, हे पाहून ती गडबडली. समोरची वजनं तेलकट, काळपट. ती आत गेली आणि गादीखालच्या पेटीतून एक, दोन आणि पाच किलोची तीन वजनं काढून, पदरानं पुसून तिनं साहेबांच्या पिशवीत घातली. महादेवरावांनी प्रत्येक वजन उलटं करून बुडाच्या शिशावरचा सरकारी तपासणीचा शिक्का पाहिला. यंदाचा होता. त्यांचं समाधान झालं.

आता उंच जागा. घरात उंच असं एकच टेबल होतं. महादेवरावांचं लिहिण्याचं, बाहेरच्या खोलीतलं, दाराकडे तोंड असलेलं. कोकिळा त्यावर बसली, जुन्या कॅनव्हासच्या बुटाच्या तळाशी नाड्यानं वजन बांधलं गेलं, आणि पहिल्याच संध्याकाळी समाचाराला आलेले अण्णाजी समोरच्या खुर्चीवर बसले. पाय वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला. अण्णाजींनी बारा वेळा सहन केलं.

"महादेवराव," ते उठून म्हणाले, "तीस वर्सं मी या घरी येऊन राह्यलो. मले अशी लाथ कोनं दाखवली नाई."

टेबल फिरवलं. आता कोकिळेची पाठ पाहुण्यांकडे झाली, आणि समाचाराला आलेल्या माणसाकडे पाठ करून बसणारी पोरगी म्हणून आणखी दोन घरं नाराज झाली. तिसऱ्या बाजूला वळवलं तर पाय थेट देव्हाऱ्यावर. आनंदाबाईनं स्वयंपाकघरातून जो आवाज काढला त्यानं ती बाजू निकालात निघाली. चौथ्या बाजूला खिडकी होती. तिथून पाय रस्त्यानं जाणाऱ्या तमाम जनतेवर उगारला जाई. शेवटी टेबल कोपऱ्यात तिरकं लावलं आणि त्यापुढे महादेवरावांनी स्वतःची खुर्ची ठेवली. बापाला चालतं. मापात बसणारं हेच एक उत्तर होतं. सकाळ-संध्याकाळ ते पोरीच्या पायासमोर वही घेऊन बसत आणि मोठ्यानं मोजत.

एक किलो झाला. दोन झाले. एक आणि दोन एकत्र बांधून तीन झाले. महादेवरावांच्या वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वजन, वेळा, शेरा. जुलैमध्ये पाच किलोचं वजन बांधलं आणि गाडं अडलं. पहिल्या दिवशी नऊ. महिन्याच्या शेवटाला अठरा. अठराव्याला मांडी अशी थरथरायची की टेबलावरची दौत वाजायची.

"बाबा," एक दिवस कोकिळा घाम पुसत म्हणाली, "हे पाच किलो नाई वाटत मले. जास्त हाय."

महादेवरावांना हसू आलं. "शिक्का पाह्य. यंदाचा हाय. शिक्क्याच्या वर तू हाय का?"

"मले शिक्का नाई ना उचलाचा. वजन उचलाचं हाय."

"मंग उचल."

त्या दिवसानंतर तिनं हे तीन-चारदा सांगितलं. आनंदाबाई मध्ये पडली, "पोरगी खोटं काऊन सांगंन?" त्यावर महादेवरावांनी तिला समजावलं, की पोरगी खोटं सांगत नाही, तिला तसं वाटतं, आणि वाटणं वेगळं, असणं वेगळं, या फरकासाठीच तर सरकारनं आमचं खातं काढलं. हे सांगताना त्यांना स्वतःच्या नोकरीचा पुष्कळ दिवसांनी अभिमान वाटला. इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. बावीस वर्षं ते वजनमापांत होते खरे, पण त्यांचं टेबल नोंदवह्यांचं. लाखो वजनं त्यांनी कागदावर तोलली होती. हातानं उचललेली मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असती.

एकच माणूस रोज संध्याकाळी या व्यायामाला हजर असे, तो म्हणजे प्रेमदास. गावोगावची खरेदी आटोपून तो परतला होता आणि आल्या दिवसापासून त्याला कोकिळेच्या गुडघ्याची विलक्षण काळजी लागली होती. "साहेब, लोखंड थंड असते, पायाले बाधते. मी वाळूची थैली शिवून आनतो. वजनं मी घेऊन जातो." महादेवराव विचारत, "वाळूवर शिक्का हाय का?" प्रेमदास उठून जाई. दुसऱ्या दिवशी तो मालीशीचं तेल आणी, तिसऱ्या दिवशी वजनं घासूनपुसून आणून देण्याची तयारी दाखवी. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं महादेवराव कचेरीत सांगत.

ऑगस्ट उजाडला. मुलींच्या विदर्भ संघासाठी वर्ध्याला शिबिर लागणार होतं. सप्टेंबरपासून दर रविवारी, आणि डिसेंबरात निवड. कोकिळेचं नाव दुखापतीआधीच्या खेळावर यादीत होतं. मास्तरांनी ते राखून ठेवायला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं, म्हणजे हे एकच वर्ष. कोकिळा सकाळी तीसऐवजी दोनदा तीसचा प्रयत्न करू लागली. वहीत बावीस लागले. त्याच्या पुढे काही केल्या लागेनात. एका संध्याकाळी, अण्णाजीही आलेले असताना, बाविसाव्याला पाय अर्ध्यातूनच खाली आला, तेव्हा महादेवराव जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं.

"अंग चोरून राह्यली तू. खेळाची हौस हाय, मेहनतीची नाई."

कोकिळेनं तेविसाव्याला पाय उचलू पाहिला. तो उचलला गेला नाही. पुढे वजन जड आहे असं मात्र ती पुन्हा कधीच म्हणाली नाही, आणि महादेवरावांना वाटलं, पोरगी ताळ्यावर आली.

वीस ऑगस्टला त्यांनी संघाच्या निवड समितीला रजिस्टरनं पत्र धाडलं. 'उपरोक्त खेळाडूचा उजवा गुडघा वैद्यकीय अटीप्रमाणे पाच किलोग्रॅम भार तीस वेळा उचलण्यास असमर्थ ठरला असल्याने तिचे नाव यादीतून कमी करण्यात यावे, ही विनंती.' पत्र छान उतरलं होतं. घरी आल्यावर कोकिळेनं विचारलं, "टाकलं का?" ते म्हणाले, "टाकलं." तिनं नाडा सोडला, बूट टेबलाखाली सारला आणि ती आईला भाकरी थापू लागायला आत गेली. महादेवरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वजनं परत करायची म्हणून ती त्यांनी पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवली. हँडल सारखं त्या बाजूला ओढत होतं. वाटेत त्यांना वाटलं, परत करायची वस्तू तपासून करावी, वर चिठ्ठीही द्यावी. वजनमापांतल्या माणसाचं काम असं चोख असावं. म्हणून कचेरीत पोचल्यावर त्यांनी काट्याच्या एका पारड्यात सरकारी पाच किलो ठेवले, दुसऱ्यात प्रेमदासचे पाच.

प्रेमदासचं पारडं धाडकन खाली आदळलं.

महादेवरावांना पहिला संशय आला तो सरकारी काट्याचा. आयुष्यात प्रथमच. त्यांनी पारडी बदलून पाहिली, काट्याखालची फळी पाहिली, खिडकी लावून घेतली. मग सरकारी बाजूला शंभर ग्रॅम टाकले. दोनशे. पाचशे. सहाशेवीस ग्रॅमला काटा सरळ उभा राहिला. त्यांनी वजन वळवून पाहिलं. बुडाचं शिसं आणि शिक्का जागच्या जागी होता. पण वर, कडीच्या खाचेत, जास्तीचं शिसं ओतून वरून काळा रंग दिलेला होता. दुकानी तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासाठी काढायची ही वजनं; पाच म्हणायचे आणि साडेपाचाच्या वर घ्यायचे. एक आणि दोन किलोंचीही तीच गत. साहेबांना द्यायची म्हणून कौशल्याबाईनं बिचारीनं त्यातल्या त्यात निगुतीनं ठेवलेली काढून दिली होती.

पोरीनं एकूण किती जास्तीचं उचललं याचा हिशोब करायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तो केला नाही. पोरीनं सांगितलं होतं. एकदा नाही, चारदा सांगितलं होतं. तिच्या मांडीला जे कळलं ते खरं होतं, आणि आपण एका शिक्क्याच्या भरवशावर तिला अंगचोर ठरवलं. महादेवराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघाले.

घरी बाहेरच्या खोलीत अण्णाजी बसलेले होते. बोलायचं ते एकांतात बोलावं असं महादेवरावांना क्षणभर वाटलं, पण मेहनतीचं ते बोलले होते तेव्हाही अण्णाजी तिथं होतेच. त्यांनी कोकिळेला हाक मारली.

"वजन जास्त होतं," ते म्हणाले. "सहाशेवीस ग्रॅम. तुयं बरोबर होतं. मी चुकलो."

कोकिळेच्या हाताला पीठ होतं. तिनं ते झटकलं नाही. "मी सांगतलं होतं, बाबा."

"हो. सांगतलं होतं."

अण्णाजींनी आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही.

रविवारी बापलेक वर्ध्याला गेले. समितीचे चिटणीस एका शाळेच्या खोलीत बसले होते. त्यांनी पत्र काढून दाखवलं. त्यावर आवक क्रमांक पडला होता. "गुडघा असमर्थ, असं लिहिलंय."

"तो गुडघा हा उभा हाय साहेब. ते पत्र चुकीचं हाय."

"सही तुमचीच आहे ना? मग चुकीचं कसं? आता मुलगी म्हणते म्हणून मी कागद खोटा ठरवू का?"

समोरचा माणूस महादेवरावांना इतका ओळखीचा वाटला की त्याच्यावर रागावताही येईना. नवा वैद्यकीय दाखला आणला तर विचार करू, इतकं मात्र चिटणिसांनी कबूल केलं. सोमवारी नागपूर. डॉक्टरनं दवाखान्यातले पाच किलो बांधले. कोकिळेनं मोजत मोजत तीस उचलले, मग पस्तीस, आणि बेचाळिसाव्याला डॉक्टरच म्हणाला, पुरे. त्यानं टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. जवळजवळ सारख्या भरल्या. सगळी हकीकत ऐकल्यावर तो हसेल असं महादेवरावांना वाटलं होतं. तो हसला नाही. "दोरी नवी होती," तो म्हणाला. "मुलगी वजन जड आहे म्हणते, तेव्हा थांबायचं असतं." मग त्यानं दाखला लिहून दिला, आणि त्यावर आवक क्रमांक पडून नाव यादीत परत आलं.

राहिला प्रेमदास. त्याच्यावर खटला करायचा तर पंचनामा हवा, आणि पंचनाम्यात रकाना होता: मुद्देमाल कोठे मिळाला? महादेवरावांनी पेन बराच वेळ हवेत धरलं. मग लिहिलं, 'माझ्या मुलीच्या पायात.' निरीक्षकांनी ते वाक्य तीनदा वाचलं. खटला झाला, प्रेमदासला शिक्षा झाली, आणि खाजगी कामासाठी व्यापाऱ्याची वजनं घेतल्याबद्दल महादेवरावांच्या सर्व्हिस बुकात बावीस वर्षांतला पहिला शेरा पडला. भिंतीपलीकडून कौशल्याबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेबाच्या पोरीसाठी चांगली पाहून देल्ली होती वं माय, आन् हे फळ!" खरं सांगायचं तर महादेवरावांना ते थोडं पटलंही.

सप्टेंबर ते डिसेंबर कोकिळा दर रविवारी वर्ध्याला जाऊ लागली. आधी नुसतं सरळ धावणं, मग वळणं, मग खांब. खांबाच्या पहिल्या दिवशी महादेवराव मैदानाकडे पाठ करून उभे होते. निवडीच्या दिवशी मात्र त्यांनी सगळं पाहिलं. ती पूर्वीसारखी नव्हती. वळताना अर्धा क्षण विचार करायची, आणि खो-खोत त्या अर्ध्या क्षणात माणूस बाद होतो. दोनदा बाद झाली. तिसऱ्या वेळी ती अडीच मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही. यादी वाचली तेव्हा तिचं नाव बारावं, म्हणजे शेवटचं आलं, राखीव. कोकिळा ते ऐकून जागीच उकिडवी बसली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आपणही रडतो आहोत हे महादेवरावांना शेजारच्या माणसानं पाहिलं तेव्हा कळलं.

हिंगणघाटच्या परतीच्या गाडीत महत्प्रयासानं दोन जागा मिळाल्या. गाडी सुटल्यावर कोकिळा हळूच म्हणाली, "बाबा, दुखून राह्यला." महादेवराव उठले, आपल्या जागेवर त्यांनी तिचा पाय सरळ ठेवून दिला आणि दांड्याला धरून उभे राहिले. पुढच्या थांब्यावर खादीची टोपी घातलेले एक गृहस्थ चढले. त्यांनी माणूस उभा आणि पाय बसलेला, हे दृश्य नीट न्याहाळलं.

"पोरीले पाय खाली घ्याले सांगा ना, बसतो मी. चांगली धडधाकट दिसते."

"पाय दुखते तिचा."

"दिसत तं काई नाई. सूज नाई, पट्टी नाई."

"मलेबी नाई दिसत," महादेवराव म्हणाले. "ते सांगून राह्यली दुखते म्हून. म्हंजे दुखते."

गृहस्थ आणखी काही बोलणार होते, पण उभ्या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी विचार बदलला आणि दांड्याला हात घातला. हिंगणघाट येईपर्यंत दोघंही उभे होते.